वादी कबीरमधलं मध्ययुग

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. गल्फमधल्या घरांत आईस्क्रीमचे रिकामे डबे साठतात ना, तसे ते साठतात. एकही टाकवत नाही, कधीतरी उपयोगी पडेल असं वाटतं, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे धडाधड अंगावर!

माझ्या कपाटातले हे डबे एकाच वर्षाचे, आणि विषयही एकच: मध्ययुगीन युरोप. हसू नका. मी मराठी माध्यमातली, व्रतवैकल्यं करणारी बाई. माझा आणि युरोपातल्या राजा-सरदारांचा काय संबंध? पण मस्कतला, वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शाळा सुटल्यावर तीन मुलं जेवायची आणि अभ्यासाला बसायची. माझा ओंकार, समोरच्या फिलोमिनाची एलिसा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीची तन्वी. फिलू वसईची, एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. वैशाली नागपूरची, इंजिनिअर, कुरुमच्या ऑफिसातून यायला तिला सहा वाजायचे. म्हणून मुलं माझ्याकडे. शाळेने इतिहासाच्या 'की टर्म्स'चा एक कागद दिला होता. तो मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे देवनागरीत उतरवून घेतला होता. मी शब्द विचारायचा, मुलांनी अर्थ सांगायचा. उत्तर बरोबर की चूक हे मला कुठे कळत होतं? पण मास्तरीणबाईसारखी मान मात्र हलवायचे.

त्या वर्षी माझं मन खरं तर या कागदात नव्हतं. माझे सोळा सोमवार होऊन दोन वर्षं झाली होती, आणि उद्यापन राहिलं होतं. ते माहेरी, कुडाळजवळच्या आमच्या गावच्या शंकराच्या देवळात, आईसमोर जोडीनं करायचं असं मी बोलून बसले होते. ह्यांना रजा मिळत नव्हती. आम्हा तिघांची तिकिटंही त्यांच्या रजेला बांधलेली. माहेर बघून तीन वर्षं झाली होती, आणि आई फोनवर म्हणायला लागली होती, "पुढच्या श्रावणात देवळाचे पायरे माका चढाक जमतले काय नाय, कोणाक ठावक?"

म्हणजे हा श्रावण चुकवायचा नव्हता. बस, एवढंच माझं त्या वर्षीचं मागणं.

*

पहिलाच गृहपाठ आला: मॅनरचा नकाशा काढा आणि नावं द्या. मॅनर म्हणजे सरदाराची जहागीर. मधोमध त्याचा वाडा, मग चर्च, गिरणी, शेतं आणि कडेला कामकऱ्यांच्या झोपड्या.

ओंकारचं पुस्तक शाळेत राहिलं होतं. त्याने तासभर खाली मान घालून चित्र काढलं. मी बघितलं तर मधोमध अर्बाबचा व्हिला, म्हणजे ह्यांच्या कंपनीच्या ओमानी मालकाचा. शेजारी मशीद. गिरणीच्या जागी खुबूस रोटीची बेकरी. शेतांच्या जागी वर्कशॉप आणि पार्किंग. आणि अगदी कडेला, ओळीने, लेबर कॅम्पच्या खोल्या. प्रत्येक खोलीवर एसीचा डबाही काढलेला!

"अरे, हे युरोप नाही," मी म्हटलं.

"पण आई, सगळं सेम आहे!"

दुसऱ्या दिवशी वही परत आली. दहापैकी दहा. खाली बाईंचा शेरा होता: फक्त एसी काढून टाक.

*

मग आला सर्फ, म्हणजे भूदास. एलिसा मोठ्याने वाचत होती, की हा माणूस गुलाम नव्हता. त्याला विकता येत नव्हतं. त्याला घर होतं, बायकामुलं होती. फक्त लॉर्डच्या परवानगीशिवाय त्याला मॅनर सोडून जाता येत नव्हतं.

हे नुकतेच कामावरून आले होते. एक मोजा काढलेला, एक पायातच. त्या दिवशी अर्बाबकडे रजेचा अर्ज दिला होता. अर्बाब माणूस प्रेमळ, ह्यांना समोर बसवून कॉफी पाजली, खजूर दिले आणि म्हणाला, "ईदनंतर बघू, इन्शाल्ला."

ओंकारने एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे.

"बाबा, तुम्ही सर्फ आहात का?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिले. आता हे काय म्हणतात!

ह्यांनी दुसरा मोजा शांतपणे काढला आणि म्हणाले, "छे रे! सर्फला कुठे दोन वर्षांतून एकदा एअर तिकीट होतं?"

*

त्या वर्षी गुड फ्रायडे आणि चैत्री पौर्णिमा एकाच दिवशी आली. ओमानात शुक्रवारी तशीही सुट्टी. मुलं सकाळपासून आमच्याकडे, शब्द होता मॉनेस्टरी. मठ. तिथले साधू ठरल्या वेळी प्रार्थना करत, साधं अन्न खात, कमी बोलत. हे मला फार आवडलं. पहिल्यांदाच त्या कागदावर कोणीतरी ओळखीचं भेटलं होतं.

माझा हनुमान जयंतीचा उपास. फिलूचा गुड फ्रायडेचा उपास, दुपारी तिला रुवीच्या चर्चमध्ये जायचं होतं. वैशाली बौद्ध, तिचं पौर्णिमेचं उपोसथ, म्हणजे बाराच्या आत एकदा खायचं, पुढे काही नाही. तिघी देवघराजवळ गप्प बसलो होतो, आपापलं मनात म्हणत. इतकं छान वाटत होतं! वाटलं, आपण तिघी तीन वाटांनी आलो आणि एकाच अंगणात बसलो.

एक वाजता ओंकारने विचारलं, "आई, जेवायला काय आहे?"

मी फिलूकडे बघितलं. फिलूने वैशालीकडे बघितलं. वैशाली म्हणाली, "म्हणजे? मले वाटलं ताई, तुम्ही करून राहिले!"

तिघींपैकी एकीनेही गॅस पेटवला नव्हता.

तन्वी पुस्तक मिटून म्हणाली, "हा स्टडी ग्रुप नाहीये. ही मॉनेस्टरी आहे."

"मॉनेस्टरीत निदान किचन असायचं!" ओंकार म्हणाला.

*

गिल्ड म्हणजे कारागिरांचा संघ. त्यात आधी वर्षानुवर्षं शिकाऊ म्हणून राबायचं, मग एक उत्तम वस्तू करून उस्तादांना दाखवायची. ते हो म्हणाले तरच आपणही उस्ताद. मुलांना हे इतकं आवडलं की त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातच गिल्ड काढला.

परीक्षा फिलूची. तिला माझ्याकडून मालवणी घावणे शिकायचे होते. मुलं ओळीने स्टुलांवर बसली, हातात पेन्सिली. नेमका तेव्हाच आईचा फोन आला. माझे हात पिठाचे, म्हणून मी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला. आई पावसापाण्याचं सांगत होती, आणि इकडे फिलूने तव्यावर पीठ ओतलं.

आई बोलता बोलता थांबली.

"तवो तापलो नाय."

फिलूचा डाव हवेतच.

"आणि ह्यो माझ्या चेडवाचो हात नाय," आई पुढे म्हणाली. "कोण करता गो ता?"

"मी फिलोमिना, आई. शेजारची."

"बरां. गॅस वाढय. आणि घाबरा नको, पयलो घावणो कुत्र्याकच जाता!"

मुलं आ वासून फोनकडे बघत होती. आवाजावरून! दोन देशांमध्ये अख्खा समुद्र, आणि बाईने आवाजावरून तवा ओळखला! तन्वीने पेन्सिल खाली ठेवली. "ही मास्टर आहे," ती म्हणाली. "फिलू आंटी अप्रेंटिस. अजून सात वर्षं."

सगळी हसली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर मला आठवत राहिलं ते "माझ्या चेडवाचो हात", माझ्या लेकीचा हात. तीन वर्षांत मी तिच्यासमोर तवा ठेवला नव्हता, आणि तिच्या कानात माझा हात तसाच होता.

*

ईद झाली. ह्यांनी दुसऱ्यांदा अर्ज दिला.

त्याच आठवड्यात मुलांचं शाळेत नाटुकलं होतं. ओंकार व्हॅसल झाला होता. म्हणजे छोटा सरदार. त्याने मोठ्या लॉर्डसमोर गुडघे टेकायचे, आपले जोडलेले हात त्याच्या दोन्ही हातांत द्यायचे आणि म्हणायचं, आजपासून मी तुमचा माणूस. सरावाला लॉर्ड कोण? बाबा.

हे सोफ्यावर बसले. ओंकारने गुडघे टेकले, हात दिले, वाक्य म्हटलं. ह्यांनी त्याचे हात धरून ठेवले, सोडलेच नाहीत.

"बाबा, आता तुम्ही मला जमीन द्यायची."

"जमीन कुठून देऊ बाळा? मला आज रजासुद्धा मिळाली नाही."

कंपनीकडे नवीन काम आलं होतं, दुकमच्या साइटवर. मस्कतपासून गाडीने पाच-सहा तास. ऑगस्टभर ह्यांना तिकडे राहायचं होतं. मी उठले. देवासमोरची वात सारखी करायला गेले. वात चांगली होती, तरी सारखी केली.

मागून ओंकारचा आवाज आला, "पण बाबा, अर्बाब तुमच्यावर रागावलेत का?"

"नाही रे. तोच हात जोडून मला म्हणत होता, या वेळी सांभाळून घे. त्याच्याही वर कोणीतरी बसलाय, त्याने ताकीद दिलीये."

एलिसा कागद बघून म्हणाली, "बरोबर आहे अंकल. लॉर्ड पण कोणाचा तरी व्हॅसल असतो. हे परीक्षेत येणार आहे."

*

सोळा सोमवार संपले तरी मी सोमवार सोडला नव्हता. नैवेद्यातला एक घास गाईसाठी काढायचा, ही माहेरची सवय. पण वादी कबीरमध्ये गाय कुठून आणणार? शेळ्या मात्र होत्या. कचऱ्याच्या पेटीच्या सावलीत दुपारभर बसायच्या. मी देवाला विचारलं, चालेल का? देवाने नाही म्हटलं नाही. म्हणून दर सोमवारी अकरा वाजता मी गाईचा घास एका तपकिरी शेळीला द्यायला लागले. तिचं ओलं नाक तळहाताला लागलं की मी क्षणभर आमच्या गोठ्यात असायचे.

सुट्टीतल्या एका सोमवारी मुलंही बरोबर होती. मागून आवाज आला, "ये मेरा बकरी!"

वळून बघते तर एक ओमानी आजी, काठी घेऊन उभी. तिला तोडकंमोडकं हिंदी येत होतं. मी इतकी घाबरले की घास पदराखाली लपवला. तन्वी मात्र पुढे झाली आणि शाळेतल्या अरबीत, अधेमधे हिंदी घालत, तिने आजीला चक्क 'कॉमन्स' समजावून सांगितलं. की युरोपात एक कुरण असायचं, मालकी एकाची, पण चारायचा हक्क सगळ्या गावाचा!

आजीने शांतपणे ऐकून घेतलं. माझा पदर बाजूला केला, घास बघितला, वास घेतला. "घी?"

"हां जी. भगवान के लिए. आज सोमवार है ना."

तिने मान हलवली आणि शेळीला घेऊन गेली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या सोमवारी मला पूजेला उशीर झाला. सव्वाअकराला खालून हाक आली. खिडकीतून बघितलं, तर एका हातात शेळीचा दोर आणि दुसऱ्या हातात खजुरांची पिशवी घेऊन आजी उभी.

"यल्ला!" ती ओरडली. "सोमवार!"

*

एक नियम मात्र मला कोणी न समजावता कळला. भूदास पळून शहरात गेला आणि तिथे एक वर्ष आणि वर एक दिवस राहिला, तर तो मोकळा.

मुलांना त्या एका दिवसाचं कोडं पडलं. वर्ष कळलं, पण वरचा दिवस कशाला? मी म्हटलं, अरे, हे तर आमचंच! सोळा सोमवार करायचे आणि सतरावा उद्यापनाचा. देवाला द्यायचं ते सव्वा द्यायचं. नुसतं मोजून तेवढंच दिलं की ते मोजमाप. वर थोडं घातलं की ते पुरं होतं. मुलांना पटलं नाही, पण मला त्या युरोपातल्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटली.

हे साइटवर जायची बॅग भरत होते. म्हणाले, "आपल्याला मस्कतला अकरा वर्षं झाली. म्हणजे आपण कधीच मोकळे झालो की गं!"

एलिसाने विचारलं, "पण अंकल, तुम्ही कोणापासून पळून आला होता?"

ह्यांनी बॅगेची चेन लावली. मग पुन्हा उघडली. मग माझ्याकडे बघितलं.

"गावाला तर कोणी धरून ठेवलंच नव्हतं," मी म्हटलं.

*

आता शेवटचा.

श्रावण लागला. आईने तिसरा सोमवार ठरवून टाकला होता, भटजींनाही सांगितलं होतं. हे दुकमला. मी म्हटलं, निदान एकटी जाऊन आईला बघून तरी येते, उद्यापनाचं देव बघेल. तर आमच्या तिघांचे पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलसाठी ऑफिसात गेलेले! कधी येतील? "इन्शाल्ला, दहा-बारा दिवस." सोमवार सहा दिवसांवर होता.

त्या दुपारी मी मुलांना शब्द विचारत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पिल्ग्रिम, म्हणजे यात्रेकरू. एलिसाने अर्थ सांगितला आणि पुढे वाचलं, की ज्याला आजारपणामुळे किंवा लॉर्डच्या कामामुळे जाता येत नसे, तो आपल्या जागी दुसऱ्या कोणाला तरी यात्रेला पाठवत असे. आणि ती यात्रा पाठवणाऱ्याला लागू होत असे.

ओंकारने वर बघितलं. "आई, फिलू आंटी वसईला चाललीये ना?"

चालली होती खरी. भावाकडे जमिनीच्या कागदांवर सही करायला, आठ दिवसांसाठी. एलिसा तेवढे दिवस माझ्याकडेच राहणार होती.

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. कुठे वसई, कुठे कुडाळ! आणि ती ख्रिश्चन."

संध्याकाळी फिलूला हे कळलं. माझ्याशी एक अक्षर न बोलता तिने भावाला फोन लावला. "सही शुक्रवारी करते. रविवारच्या गाडीचं मला कुडाळचं तिकीट काढ. का म्हणजे? यात्रेला!"

मी तिच्याजवळ आईसाठी लुगडं दिलं, आणि आमच्या दोघांच्या नावाने दोन सुपाऱ्या. पूजेत जो हजर नसेल त्याच्या जागी सुपारी मांडतात, तशा. फिलूने त्या रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये, रोझरीच्या पाऊचशेजारी ठेवल्या.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. पूजा झाली होती. आई पायऱ्या चढली होती, मध्ये दोनदा बसून. आईने दोन पाट मांडले. जावयाच्या पाटावर सुपारी ठेवली. माझ्या पाटावर ठेवायला फिलू दुसरी सुपारी काढते, तर आईने तिचा हात धरला.

"जावयाच्या जागेर सुपारी चलतली," आई म्हणाली. "चेडवाच्या जागेर नाय. तू बस."

"आई, मी ख्रिश्चन आहे."

"ता माका म्हायत आसा. बस."

"मग मी बसले," फिलू मला म्हणाली. "तुझ्या प्रसादाचा चुरमाही खाल्ला. तूप जास्त होतं." मी फोन एलिसाकडे दिला.

शनिवारी ती परत आली. एअरपोर्टवर आम्ही चौघं तिला आणायला गेलो, मी, तिन्ही मुलं. फिलू ट्रॉली ढकलत बाहेर आली. एलिसाला जवळ घेतलं, मुलांच्या हातात खाज्याच्या पुड्या दिल्या, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय गं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. एक वस्तू दिलीये तिने तुझ्यासाठी. फोनवर सांगण्यासारखी नव्हती."

"काय?"

"मी निघताना पाया पडले. तर तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. म्हणाली, 'तीन वर्सां तोंड दाखवक नाय! ह्यो तिका नेवन दी.'"

भोवती लोकांची गर्दी, कोणी कोणाला भेटत होतं, कोणी टॅक्सी शोधत होतं. मुलं खाजा खायची थांबली.

"जोरात होता?" मी विचारलं.

"चांगलाच."

"मग तसाच दे," मी म्हटलं, आणि पाठ करून उभी राहिले.